जंजिऱ्याची सफर आणि चौथीचा धडा

'जझीरा' हा अरबी शब्द, अर्थ बेट. कोकणच्या जिभेवर त्याचा 'जंजिरा' झाला आणि पुढे समुद्रातल्या किल्ल्याला मराठीत जंजिराच म्हणू लागले. म्हणजे 'जंजिरा किल्ला' असे म्हणताना आपण एकाच गोष्टीची दोन नावे घेतो. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्यामुळे असा शब्द भेटला की आम्हाला तो सोडवत नाही. पण यंदा नाताळच्या सुट्टीत कात्रजहून मुरुडला जायचे ठरले ते शब्दासाठी नव्हे, आमच्या धाकट्यासाठी.

धाकटा चौथीत आहे. महाराष्ट्रात चौथीचे वर्ष म्हणजे शिवाजी महाराजांच्या इतिहासाचे वर्ष. अफझलखान, शाहिस्तेखान, आग्र्याची सुटका हे सारे त्याला तोंडपाठ. दिवाळीत सोसायटीतल्या मुलांनी किल्ला करायला घेतला तेव्हा याने जंजिरा सुचवला. घमेल्यात पाणी, मधे मातीचा तट, भोवती कागदी होड्या. कल्पना सगळ्यांना आवडली. पण खेळता खेळता एक मुलगा सहज म्हणाला, "जंजिरा तर तुमचाच ना रे, सिद्दीचा?" त्यात भांडण नव्हते. नऊ वर्षांच्या पोराने नऊ वर्षांच्या पोराला विचारले, एवढेच. रात्री जेवताना धाकट्याने तोच प्रश्न आमच्या ताटात वाढला. "अम्मी, अपन किसकी तरफ के? महाराजांच्या की सिद्दीच्या?"

थोरली नववीत आहे, तिने लगेच त्याला गप्प केले. दादींनी "खाना खा पहले" म्हणून विषय मिटवला. मुलांच्या अब्बांचे मत मात्र वेगळे पडले. ते म्हणाले, याचे उत्तर घरात बसून द्यायचे कशाला? सुट्टीत तिथेच जाऊ या. गाडी आहे, दादींचे गुडघे सध्या बरे आहेत, आणि पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात, तेव्हा जायचे ते थंडीतच.

पहाटे फजर पढून निघालो. नवले पुलावरून चांदणी चौक, पिरंगुट, मुळशी आणि मग ताम्हिणी. घाटात धुके इतके की गाडीच्या काचा आतून पुसाव्या लागत होत्या. दादींनी शालीवर शाल घेतली होती. घाट उतरून माणगावला आलो तशा दोन्ही शाली निघाल्या. ताम्हिणीच्या वर डिसेंबर असतो आणि खाली कोकणात जेमतेम पंखा बंद करण्याइतकी थंडी. माणगावहून म्हसळा आणि तिथून दिघी. दिघीच्या धक्क्यावर गाड्यांसकट माणसांना पलीकडे नेणारी मोठी बोट लागते. सगळे तिला 'जंगल' म्हणतात. धाकट्याला वाटले, पलीकडे जंगलात उतरायचे आहे. बोट सुटली तसे पांढरे कुरव मागे लागले. हे पक्षी हिवाळ्यात दूर उत्तरेकडून आपल्या खाड्यांवर येतात आणि उन्हाळ्याआधी परत जातात. मुले वरच्या कठड्याला लटकून बसली. आगरदांड्याला उतरलो, तिथून राजपुरी अगदी जवळ.

सफरीत नमाज कसर होते, त्यामुळे जोहरचे दोनच फर्ज. राजपुरीत ते आटोपून आम्ही धक्क्यावर आलो. एक सूचना इथेच देऊन टाकतो. शुक्रवारी जुम्याच्या वेळी दुपारी किल्ल्याच्या फेऱ्या थांबतात, कारण होड्या चालवणारे बहुतेक स्थानिक मुसलमान आहेत. त्या दिवशी जायचे तर सकाळी लवकर पोहोचावे.

शिडाच्या होडीत बसायला मिळाले हे आमचे नशीब. नावाड्याने दोर ओढला, शीड फुगले आणि होडी एका अंगावर कलली. दादींनी एका हाताने बाकडे धरले आणि दुसऱ्या हाताने आमचे मनगट, ओठांवर दरूद. समोर काळा तट, आणि दरवाजा कुठेच दिसेना. तो बुरुजांच्या आड अशा बेताने बसवला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत भिंतच भिंत दिसते. होडी निम्म्या वाटेवर आली तेव्हा मागच्या बाकावरच्या तरुणांनी घोषणा दिली, "छत्रपती शिवाजी महाराज की!" आणि आमचा धाकटा, शाळेत देतो तसाच, छाती फुगवून ओरडला, "जय!" देऊन झाल्यावर मात्र त्याने आमच्याकडे पाहिले. ते पाहणे आम्हाला अजून आठवते. घोषणा देणाऱ्या तरुणांपैकी एकाने त्याला हात देऊन पायरीवर उतरवून घेतले.

दरवाजाशेजारी दगडात एक शिल्प आहे. वाघासारखा प्राणी, पंजात हत्ती, शेपटीत हत्ती. आत शिरल्यावर थोड्याच अंतरावर पीर पंचायतन. दादी तिथे फातेहा पढायला थांबल्या. वाटाड्याने २२ एकर, २२ वर्षे, २२ बुरूज असे सगळे बाविसात बसवून सांगितले. बुरूज खरे तर १९ धरले जातात, आणि धाकटा ते मोजायलाच निघाला होता. कलालबांगडी, चावरी, लांडा कासम या तीन तोफा नावाने ओळखल्या जातात. कलालबांगडीवर हात ठेवला की उन्हातही ती तापलेली नसते असे वाटाडे सांगतात. डिसेंबरात ऊनच कोवळे, त्यामुळे आम्हाला याची परीक्षा घेता आली नाही.

आम्हाला सगळ्यात जास्त थांबवले ते तळ्यांनी. चहूकडे खारे पाणी आणि मधोमध गोड्या पाण्याची दोन मोठी बांधीव तळी. आता पाण्यावर हिरवी साय आहे, प्लास्टिकच्या बाटल्याही आहेत. पण वेढा पडला तरी हा किल्ला महिनोन्महिने तग धरत असे, त्यामागे तोफांइतकीच ही तळी होती. आत राजवाड्याचे पडके मजले, मशीद, घरांची जोती, पायऱ्या ज्या कुठेच जात नाहीत. पश्चिमेला समुद्राकडे उघडणारा छोटा दर्या दरवाजा. आज संध्याकाळनंतर बेटावर कोणी थांबत नाही, पण हे गाव होते. परतताना नावाड्याने सांगितले, त्याच्या वडिलांची आई किल्ल्यातच जन्मली. माणसे उठून किनाऱ्यावर का आली असे विचारले, तर म्हणाला, "दवाखाना इकडे, शाळा इकडे, बाजार इकडे. नवाबच गेले, मग तिकडे कोण राहणार?" जंजिरा संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले. त्यानंतर बेट हळूहळू रिकामे होत गेले.

तर, धाकट्याचा प्रश्न. तटावर एका तोफेशेजारी बसून डबा उघडला आणि खिम्याच्या सामोशांबरोबर तो प्रश्नही उघडला. चाळीस मुलांच्या वर्गात शिकवणे सोपे असते. आपल्या एकाच मुलाला आपलाच इतिहास सांगताना शब्द तोलावे लागतात.

सुरुवात किल्ल्यापासून केली. इथे आधी कोळ्यांनी लाकडी मेढेकोट उभारला होता. त्यांचा प्रमुख राम पाटील. अहमदनगरच्या निजामशाहीने तो घेतला आणि सोळाव्या शतकात इथे दगडी किल्ला बांधला. पुढे सिद्दी आले. सिद्दी म्हणजे हबशी, पूर्व आफ्रिकेतून आलेले. कोणी गुलाम म्हणून विकले गेलेले, कोणी शिपाई, कोणी खलाशी. त्यांच्यातलाच मलिक अंबर. हबश देशातल्या गरीब घरातले पोर, बाजारात पुन्हा पुन्हा विकले गेले आणि शेवटी निजामशाहीचा वजीर झाले. आज ज्याला छत्रपती संभाजीनगर म्हणतात ते शहर त्याने खडकी या नावाने वसवले. १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडीला मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही फौजांचा पराभव केला. त्या लढाईत त्याच्या बाजूने लढणारे कोण होते? महाराजांचे वडील शहाजीराजे, आणि त्यांचे भाऊ शरीफजी, जे तिथेच कामी आले. शहाजी आणि शरीफजी ही नावे त्यांच्या वडिलांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पीरांच्या नावावरून ठेवली, हे तर आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो.

"म्हणजे हबशी आणि भोसले एका बाजूला?" थोरलीने विचारले. ती मोबाइल ठेवून ऐकत होती, याचेच आम्हाला अप्रूप.

त्या वेळी, हो. पन्नास वर्षांनी नाही. तटावरून वायव्येकडे बोट दाखवले. समुद्रात आणखी एक किल्ला दिसतो, जंजिऱ्यापेक्षा लहान. तो पद्मदुर्ग, लोक त्याला कासा म्हणतात. सिद्दीवर नजर ठेवायला महाराजांनी तो बांधला. काम चालू असताना रसद पोहोचवायला एका सुभेदाराने दिरंगाई केली, तेव्हा जानेवारी १६७५ मध्ये महाराजांनी त्याला फार कडक पत्र लिहिले. अशाच थंडीच्या दिवसांत. तो अधिकारी ब्राह्मण होता आणि महाराजांनी त्याची जात पाहून त्याला सोडले नाही, पत्राची ही बाजू आम्हाला शिक्षक म्हणून फार मोलाची वाटते. लाय पाटील नावाच्या कोळी सरदाराने अंधाऱ्या रात्री या तटाला शिड्या लावल्या, पण ठरलेली कुमक वेळेवर आली नाही आणि पहाटे त्याला शिड्या काढून परतावे लागले. महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. दर्यावर फिरणाऱ्या कोळ्याला पालखी कशाला, म्हणून त्याने तो नाकारला. तेव्हा महाराजांनी त्याला 'पालखी' नावाचे गलबत दिले असे सांगतात. संभाजीराजांनी तर १६८२ साली किनाऱ्यापासून खाडी बुजवून वाटच करायला घेतली होती. तेवढ्यात मोगल फौज कल्याणकडे उतरली आणि त्यांना जावे लागले.

धाकटा खाडीकडे बघत राहिला. एवढे पाणी दगडांनी बुजवायचे हे त्याला सगळ्यात भारी वाटले.

मग दौलतखानाची गोष्ट. महाराजांच्या आरमाराचा हा एक प्रमुख सरदार. १६७९ साली मुंबईजवळच्या खांदेरी बेटावर मराठ्यांनी तट बांधायला घेतला तेव्हा एका बाजूला इंग्रज आणि सिद्दी, दुसऱ्या बाजूला बेटावर पाय रोवून मायनाक भंडारी आणि आरमार घेऊन आलेला दौलतखान. दौलतखानाने इंग्रजांचे एक गुराबही पकडले. सिद्दी मुसलमान आणि दौलतखानही मुसलमान. दोघांचा किब्ला एक, निशाणे वेगळी. नमाजची वेळ झाली की दोन्ही गलबतांवर अजान होत असेल, असे दादी मधेच म्हणाल्या. इतिहासाच्या पुस्तकात हे वाक्य नाही, पण आम्हाला ते पटले.

सिद्दींबद्दल मुलांना गोड गोड तेवढेच सांगावे असे आम्हाला वाटत नाही. त्यांच्या आरमाराने किनाऱ्यावरची गावे लुटली, माणसे धरून नेली. मराठ्यांनीही त्यांचा मुलूख सोडला नाही. तो काळच तसा होता म्हणून बाजूला सारले तर मुले हुशार असतात, ती ओळखतात. सिद्दींच्या जाचाचे एक उदाहरण तर थेट आमच्या कात्रजला येऊन पोहोचते. दिघीच्या दक्षिणेला श्रीवर्धन आहे. तिथले देशमुखीचे वतन भट घराण्याकडे होते, सिद्दीच्या अमलाखाली. पुढे सिद्दीशी बिनसले, आणि त्या घरातले बाळाजी विश्वनाथ गाव सोडून देशावर आले. तेच पहिले भट पेशवे. त्यांचे नातू नानासाहेब पेशवे यांनी १७५० च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून भुयारी नळाने पुण्याला पाणी नेले, शनिवारवाड्यापर्यंत आणि शहरातल्या हौदांपर्यंत. ज्या तलावाच्या काठी आमची मुले रविवारी फिरतात, भेळ खातात, तो या किनाऱ्यावरून परागंदा झालेल्या घराने बांधला. धाकट्याला हे मुळीच खरे वाटेना. "म्हणजे सिद्दीने त्यांना पळवले नसते तर आपला तलाव झालाच नसता?" असे काही ठामपणे सांगता येत नाही, असे आम्ही म्हणालो. पण प्रश्न आम्हाला आवडला.

मूळ प्रश्नाचे उत्तर आम्ही एवढेच दिले. आपण इथले. सिद्दी आपले नातेवाईक नव्हते आणि दौलतखानही नव्हता. दोघांचा इतिहास तुझा आहे, कारण तू महाराष्ट्रात जन्मलास. घोषणेला 'जय' म्हणालास ते बरोबर म्हणालास, आणि दादींबरोबर पीर पंचायतनवर हात उचललेस तेही बरोबर. त्याने मान हलवली आणि उरलेला सामोसा मागितला. समजले की नाही, देव जाणे. नऊ वर्षांच्या मुलाला एका दुपारीत सगळे समजावे अशी आमची अपेक्षा नाही.

संध्याकाळी मुरुडला मुक्काम. समुद्राकाठच्या उंचवट्यावर नवाबांचा राजवाडा आहे, खासगी मालकीचा, त्यामुळे रस्त्यावरूनच पाहायचा. पण त्या भिंतींशी आमचे उर्दूचे नाते आहे. नवाब सर सिद्दी अहमदखान यांच्या बेगम नाझली रफिया सुलतान या मुंबईच्या फैजी घराण्यातल्या. १९०८ साली त्या नवाबांबरोबर युरोपला गेल्या, सोबत बहीण अतिया फैजी. त्या प्रवासाची रोजनिशी त्यांनी उर्दूत लिहिली, 'सैर-ए-युरोप'. अतियांनी त्याआधी इंग्लंडमध्ये शिकतानाच्या दिवसांची रोजनिशी लिहिली होती. ती लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' या बायकांच्या पत्रिकेत छापून आली आणि मग पुस्तक झाले. शंभर वर्षांपूर्वी घरोघर पडद्याआड बसलेल्या बायका ते वाचून लंडन पाहत होत्या. मौलाना शिबली नोमानी यांची झहरा आणि अतिया या बहिणींना लिहिलेली पत्रेही प्रसिद्ध आहेत. नवाब १९२२ साली वारले तेव्हा वारस लहान होता, म्हणून कुलसुम बेगम यांनी राज्यकारभार सांभाळला. थोरलीला आम्ही हे राजवाड्याच्या फाटकासमोर उभे राहून सांगितले. तिने विचारले, हे आमच्या पुस्तकात का नाही? आम्हीही तेच विचारतो.

रात्री ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या कोकणी कुटुंबाने पोपटी लावली. ही रायगड जिल्ह्याची थंडीची खास मेजवानी. वालाच्या शेंगा कोवळ्या भरतात तेव्हाच ती होते, पावसाळ्यात किंवा मे महिन्यात मागून मिळायची नाही. मातीच्या मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, मधे मसाला लावलेली हलाल कोंबडी, बटाटे, अंडी, वर पुन्हा शेंगा आणि पाल्याने तोंड गच्च बंद. पाणी एक थेंब नाही, तेल नाही. मडके उपडे ठेवून भोवती पेंढा आणि काटक्या रचून जाळ करायचा. अर्ध्या तासाने मडक्यावर पाण्याचा हात मारला, थेंब चर्रकन उडाले, तसे आजीबाई म्हणाल्या, झाली. घराच्या मागच्या वाडीत नारळीखाली जाळाभोवती सगळे बसलेले, वारा समुद्रावरून, आणि भांबुर्डीचा वास असा की शालींना अजून आहे. दादींनी कोकणी आजींना पाला कुठे मिळतो ते विचारले. कात्रजच्या डोंगरावर मिळेल असे त्यांना वाटते. शेंगा खाताना त्या दोघी आपापल्या बोलीत बोलत होत्या, एक दखनी, एक कोकणी, आणि दोघींचे सगळे एकमेकींना कळत होते.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर खोकरीचे मकबरे पाहिले. तीन दगडी घुमट, झाडीत, जवळजवळ निर्मनुष्य. सर्वांत मोठा सिद्दी सुरूलखानाचा, त्याने तो हयातीतच बांधवून ठेवला होता. बाकीचे दोन खैरियतखान आणि याकूतखान यांचे. दगडावरची अरबी अक्षरे वाचायला थोरलीला वेळ दिला. तिने बोट फिरवत दोन शब्द लावले, तिसऱ्यावर अडली.

जाणाऱ्यांसाठी थोडे. वयस्कर माणसे बरोबर असतील तर किल्ल्याच्या पायऱ्यांवर होडीतून उतरताना सावकाश, लाटेबरोबर होडी वर येते तेव्हाच पाय टाकावा, आणि लाइफ जॅकेट मागून घ्यावे. किल्ल्यात सावली थोडी, पाणी बरोबर न्यावे. बाटली मात्र परत आणावी, तळ्यात पुरेशा आहेत. वाटाडे सांगतात ते ऐकावे, पण आकडे घरी येऊन पडताळावेत. आणि मुलांना घेऊन जाण्याआधी पद्मदुर्गाचे नाव त्यांच्या कानावर घालून ठेवावे, म्हणजे तटावर चढताच ती आधी तो शोधतात.

धाकट्याने आता पुढच्या दिवाळीची योजना आखली आहे. या वेळी दोन घमेली लागणार, एकात जंजिरा, दुसऱ्यात पद्मदुर्ग. मधल्या खाडीसाठी मोठे परात मिळेल का, असे तो दादींना रोज विचारतो. दादींनी अजून दिलेली नाही, कारण त्याच परातीत त्या पीठ मळतात.